केसूची शुगर

२७ जुलै

कंप्रेसर विकणाऱ्या कंपनीने ही डायरी जानेवारीत फुकट दिली होती. सात महिने ती कपाटाच्या मोडक्या पायाखाली टेकू म्हणून होती. आज काढली, कारण डोक्यात फार गर्दी झाली आहे. उज्ज्वलाला सांगायला गेलो की ती म्हणते, "मले सांगून काय होते? लिहून ठेवा." तर लिहितो. वाचणारा कोणी नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही.

पहिल्या पानावर नाव लिहायला जागा आहे. इंद्रजीत आडे, फुलसावंगी, फ्रीज आणि कूलर दुरुस्ती. घर दुकानाच्या मागेच. बायको उज्ज्वला, आणि अकरा वर्षांची एकुलती एक केसुला. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत पळसाच्या फुलाला केसुला म्हणतात. नाव माझ्या आईने, म्हणजे आमच्या याडीने ठेवलं. याडी तांड्यावर राहते. गावात ये म्हटलं की विचारते, "माह्या शेळ्या तुह्या दुकानात बांधू का?"

होळीनंतर केसू वाळत गेली, माठच्या माठ पाणी पिऊ लागली आणि एक दिवस शाळेत चक्कर येऊन पडली. यवतमाळच्या दवाखान्यात कळलं, शुगर. लेकरांना होते ती. हिला गोळी चालत नाही, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई, जन्मभर. ही कशाने झाली म्हणून मी विचारलं, तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "कोणाच्याही चुकीने नाही." त्या एका वाक्यावर मी आतापर्यंत तगलो.

आता खरी अडचण विजेची. इन्सुलिन थंड ठेवायचं, गरमीने खराब होतं, हे मॅडमने दोनदा बजावलं. पाऊस आला की आमची लाइन जाते ती दुसऱ्या दिवशीच येते. मागच्या आठवड्यात फ्रीज एवढा कोमट झाला की अर्धी बाटली टाकून द्यावी लागली. साऱ्या गावाच्या फ्रीजचा डॉक्टर मी, आणि माझ्याच घरात पोरीचं औषध गरम होतं. आज यवतमाळहून तीन नव्या बाटल्या आणल्या. घरी येतो तर लाइन नाही.

३० जुलै

उपाय सापडला, आणि तो माझ्याच दुकानात पडून होता.

उमरखेडच्या एका आइस्क्रीमवाल्याने मागच्या वर्षी डीप फ्रीजर दुरुस्तीला टाकला होता. त्याने धंदाच बंद केला, फ्रीजर इथेच राहिला. परवा दिवसभर बसून त्याचा गॅस भरला, झाकणाचं रबर बदललं. काल सकाळपासून लाइन नव्हती तरी संध्याकाळी आतला बर्फ जसाच्या तसा. याला म्हणतात थंडी. स्टीलच्या डब्यात तिन्ही बाटल्या घालून पार तळाशी ठेवल्या.

सकाळी उज्ज्वलाने बाटली काढली आणि म्हणाली, "हे तं गोटा झालं. असं चालते का?"

मला हसू आलं. म्हटलं, "तू पोळ्या कर. मासे कायच्यात टिकते? बर्फात. पोलिओचा डोस कायच्यात येते? बर्फात. सरकारी दवाखान्यातला डीप फ्रीजर मीच दुरुस्त केला होता. तिथल्या सिस्टर सांगत होत्या, डोस गोठलेलाच पाहिजे, नाही तर वाया गेला."

ती पोळ्या करायला गेली. बाटली मी मुठीत धरून वितळवली. काचेला आतून बारीक पांढरे कण चिकटले होते, हलवल्यावर बरेचसे गेले. बर्फाचेच असणार. सुई दिली आणि बाटली परत तळाशी ठेवली. फार दिवसांनी वाटलं की या पोरीसाठी मला काहीतरी करता येतं. दवाखान्यात सगळे मला समजावतात, मी नुसती मान हलवतो. पण थंडी माझ्या हातातली गोष्ट आहे.

४ ऑगस्ट

केसूची शुगर वाढते आहे. बोट टोचून यंत्रावर बघतो. मागच्या महिन्यात दोनशेच्या आत असायची, आता तीनशेच्या वर. सुई वेळेवर आहे, भाकरी मोजून आहे. मग वाढते कशाने? पोरगी चोरून काही खात असणार. या वयात जिभेला आवर नसतो, मीही आईच्या डब्यातला गूळ पळवायचो.

शेजारच्या गॅरेजवाल्या वाहिदला सांगितलं. तो म्हणाला, "लेकरू आहे भाऊ, थोडं सोड." त्याला सोडायला काय जातं? त्याची पोरं रोज जलेबी खातात आणि ढेकर देतात.

७ ऑगस्ट

आज तांड्यावर तीज पेरली. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज विहिरीचं पाणी घालतात, गाणी म्हणत नाचतात. अष्टमीला चुरम्याचा नैवेद्य होतो आणि मग टोपल्या पाण्यात शिरवतात. केसू पहिल्यांदाच तीज करते आहे. मी नको म्हणत होतो. तिथे घरोघरी लाड, कोण काय हातावर ठेवेल नेम नाही.

याडी म्हणाली, "सुईच्या पायी तिले पोरीची जात सोडाले लावतं का? मी बसतो तिच्याजवळ. पाण्याबिगर तोंडात काही जाऊ देत नाई."

पाठवली. संध्याकाळी आणायला गेलो तर पोरी गोल धरून नाचत होत्या आणि केसू विहिरीच्या काठावर बसून पाणी पीत होती. विचारलं, नाचत का नाही? म्हणाली, पाय दुखतात. वाळलीही आहे. चोरून खाणाऱ्या पोरीने तर फुगायला पाहिजे, पण हा आजारच उलटा.

१० ऑगस्ट

सकाळी चारशे ऐंशी. इथल्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी सुई दोन युनिटने वाढवली आणि विचारलं, "इन्सुलिन थंड ठेवता ना?"

मी म्हणालो, "साहेब, माझ्याएवढं थंड जिल्ह्यात कोणी ठेवत नसेल."

ते हसले. म्हणाले, मग खाण्याकडे लक्ष द्या. म्हणजे मला जो संशय होता तोच त्यांनाही.

तिथून तडक तांड्यावर गेलो. आता लिहिताना लाज वाटते, पण गेलो. साऱ्या पोरी, बाया, ओट्यावर तांड्याचे नायक रामसिंग काका, सगळ्यांसमोर याडीला म्हणालो की तू लाडात माझ्या पोरीला मारशील. ती शेळीचं दूध काढत होती. उठली नाही. म्हणाली, "मी तिले इख चारीन का रे?"

"गोड चारतं. तिच्यासाठी थेच इख आहे."

"काही नाई चारलं. तिच्यापायी मीबी चार दिसापासून बिना साखरेचा चहा पेतो."

मी म्हणालो, खोटं बोलू नको. असं मी आईला जन्मात कधी बोललो नव्हतो. तिने दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुह्या घरी आता पाय नाई ठेवत मी." रामसिंग काकांनी मला हाताला धरून गाडीपर्यंत आणलं. वाटेत म्हणाले, पोरा, थोडा थंड हो. मी म्हणालो, काका, तुमची पोरगी नाही ती.

केसू मागे बसून आली.

११ ऑगस्ट

आज वाढवलेली सुई देऊनही संध्याकाळी यंत्रावर आकडाच आला नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली. म्हणजे यंत्राला मोजता येणार नाही एवढी. तांड्यावर पाठवली नव्हती, दिवसभर घरात होती. तरीही.

विचारलं, काय खाल्लं? म्हणाली, काही नाही. परत विचारलं. काही नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघून तेच सांगितलं, आणि माझा हात उठला. कानाखाली बसली. जन्मल्यापासून पहिल्यांदा.

ती रडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "चुरमा खाल्ला."

"कोनं देल्ला? दादीनं?"

"दादीनं नाई. मीच घेतला."

खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहितो. मला बरं वाटलं. कारण सापडलं. कारण सापडलं की दुरुस्ती करता येते, हे माझं आयुष्यभराचं काम आहे. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, पुन्हा खाऊ नको, मी रागावणार नाही.

उज्ज्वला दारात उभी होती. तिने एवढंच म्हटलं, "चुरमा तं अष्टमीले होते. अजून कोनाच्याच घरी झाला नाई."

मग गूळ खाल्ला असेल. काहीतरी खाल्लंच असेल. शुगर आकाशातून पडते का?

१३ ऑगस्ट

काल सकाळी नवी बाटली काढली. पहिलीतलं संपलं होतं. मनात आलं की नव्या बाटलीने फरक पडेल. नाही पडला.

आज केसू पोट धरून बसली आहे. तीनदा उलटी झाली. शाळा नाही, तीजही नाही. उज्ज्वला म्हणते, यवतमाळला चला. मी म्हणालो, पोट बिघडलं आहे, एक दिवस पाहू. पावसाचं पाणी, कोणाचंही बिघडतं. तिने पिशवी भरून दाराजवळ ठेवली आहे.

१४ ऑगस्ट, यवतमाळ

दवाखान्याच्या जिन्यावर बसून लिहितो आहे. आतमध्ये एकालाच बसू देतात. उज्ज्वला आहे.

सकाळी केसू उठलीच नाही. डोळे उघडायची आणि मिटायची. श्वास असा घेत होती की कुठून तरी धावत आली आहे, आणि ती तर पडूनच होती. मी तोंडाजवळ वाकलो तर पिकल्या जांबाचा, पेरूचा, वास आला. माझं डोकं फिरलं. एवढी आजारी पोरगी आणि जांब खाते? विचारलं, "जांब कोठून आनला?" तिने मान हलवली. कबूल करते आहे असं मला वाटलं. आता वाटतं, मी काहीही विचारलं असतं तरी तिने मान हलवली असती.

उज्ज्वलाने माझ्याकडे पाहिलंच नाही. तशीच बाहेर पळाली आणि वाहिदला हाक मारली. गिऱ्हाइकाची व्हॅन उघड्या बॉनेटने उभी होती, वाहिदने बॉनेट बंद करून तीच काढली. महागाव, आर्णी, कुठे थांबला नाही. केसूचं डोकं उज्ज्वलाच्या मांडीवर. मी पुढे बसून रस्ता बघत होतो, मागे बघायची हिंमत नव्हती.

इथे आल्याबरोबर नळ्या लावल्या. मॅडमने सांगितलं, रक्तात आंबट वाढलं आहे. अंगाला इन्सुलिन मिळालं नाही की साखर जळत नाही, मग शरीर चरबी जाळतं, तिचं विष तयार होतं. उलटी, पोटदुखी, तो श्वास, सगळं त्याचंच. तोंडाचा फळासारखा वासही त्याचाच.

मी म्हणालो, "मॅडम, इन्सुलिन मिळालं नाही असं कसं? दोन्ही वेळ दिलं आहे, माझ्या डोळ्यांसमोर."

"मी तुम्हाला खोटं म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण तिच्या अंगात ते पोचलेलं नाही. घरच्या बाटल्या आणून दाखवा."

वाहिद कपडे आणायला परत निघालाच होता. त्याला डीप फ्रीजरची किल्ली दिली आणि बजावलं, बाटल्या बर्फात दाबून थर्मासमधून आण, वितळू देऊ नको. मॅडमना दिसू दे आम्ही औषध कसं जपतो ते.

संध्याकाळी केसू माझ्याशी बोलली. पाणी मागितलं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडलो, आनंदाने.

१५ ऑगस्ट

हे कसं लिहू? पण नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

सकाळी केसू चांगली होती. आवारात झेंड्याची तयारी चालली होती, लाउडस्पीकरवर गाणी. तिने विचारलं, माझ्या टोपलीला पाणी कोण घालतं? मी म्हणालो, दादी. मला काय माहीत, दादीशी मी बोललोच नाही. मग म्हणाली, डोकं दुखते. उज्ज्वलाने सिस्टरला सांगितलं. थोड्या वेळाने पोरगी चिडचिड करू लागली, नळी ओढू लागली, आईला ओळखेना. अंथरूण ओलं झालं. अकरा वर्षांची पोरगी, एवढी लाजाळू, आणि तिला कळलंही नाही. मग एकदम शांत झाली. मला वाटलं झोपली. सिस्टरने नाडी धरली आणि धावत गेली.

आठ-दहा माणसं आत शिरली, आम्हाला बाहेर काढलं. कोणीतरी एका मिनिटासाठी येऊन सांगितलं, मेंदूला सूज आली आहे. या आजारात लेकरांना कधी कधी येते, बरं होत असतानाच येते. सूज उतरवायचं औषध चालू केलं आहे, श्वासासाठी मशीन लावतो आहोत. मी विचारलं, वाचेल ना? म्हणाले, प्रयत्न करतो आहोत. उज्ज्वला खाली बसली ती उठलीच नाही.

त्याच वेळी वाहिद आला. घामाघूम, हातात थर्मास. घे, म्हणाला, एक थेंब वितळला नाही. मी तो घेऊन मॅडमच्या मागे लागलो, कशासाठी ते आता मलाही कळत नाही. हातात काहीतरी होतं म्हणून. त्या थांबल्या. बर्फातून बाटली काढली, उजेडात धरली, नखाने वाजवली. आतलं दगड झालेलं होतं.

"ही कुठे ठेवली होती?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. लाइन जाते म्हणून डीप फ्रीजर, नवीन रबर, दिवसभर वीज नसली तरी बर्फ टिकतो, रोज सकाळी मी स्वतः मुठीत धरून वितळवतो. सांगताना माझा आवाज मोठा झाला होता. त्या बाटली धरून ऐकत होत्या.

मग हळू म्हणाल्या, "इन्सुलिन गोठलं की संपतं. परत वितळवलं तरी त्याचा उपयोग नसतो. थंड ठेवायचं, पण गोठवायचं नाही. वीज नसेल तर ओल्या कपड्यातल्या माठातसुद्धा चाललं असतं."

मी म्हणालो, "पोलिओचा डोस तर..."

"तो वेगळा. हे वेगळं." बाटली परत थर्मासमध्ये ठेवत म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला 'थंड' सांगितलं, 'गोठवू नका' हे ठासून सांगायला हवं होतं."

त्यांनी माझ्या वाट्याचं थोडं स्वतःवर घेतलं. माझ्याने ते घेववलं नाही.

म्हणजे जवळजवळ पंधरा दिवस मी पोरीला सकाळ-संध्याकाळ पाणी टोचत होतो. तिने काही खाल्लं नव्हतं. एक दाणा नाही.

१६ ऑगस्ट

मशीन चालू आहे. डोळे उघडत नाही.

आज अष्टमी. दुपारी याडी आली. तांड्यात पोरी टोपल्या शिरवायला निघाल्या असताना ती एकटी एसटीने आली. वाहिदने निरोप दिला होता. मी जिन्यावरून उतरून तिच्या पाया पडलो आणि सगळं सांगितलं, माणसांनी भरलेल्या त्या व्हरांड्यात, कारण आरोपही मी माणसांतच केला होता.

तिने पाय मागे घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. म्हणाली, "मले बोल्ला थे सोड. म्हाताऱ्या मानसाले कोनीबी बोलते. पोरगी मले सांगत होती."

"काय सांगत होती?"

"थ्या दिवशी तू गाडीकडे गेला तवा म्हने, दादी, मी खाल्लं असं सांगू का? म्हंजे बा तुले बोलनार नाई. मी म्हनलं, नको सांगू. तरी सांगितलं तिनं."

एवढं बोलून ती आत उज्ज्वलाजवळ जाऊन बसली. मी बाहेर. कोणी काही खाल्लं नाही.

१८ ऑगस्ट

काही बदल नाही. सूज थोडी उतरली असं म्हणतात, पण उतरली म्हणजे किती ते सांगत नाहीत. देवाला काय मागू कळत नाही. सेवालाल महाराजांना नवस बोलावा तर कोणत्या तोंडाने? बिघडवायचं मी आणि दुरुस्त करायचं त्यांनी?

उज्ज्वला माझ्याशी बोलत नाही. आज मीच म्हणालो, "तू पहिल्याच दिवशी विचारलं होतं." तिने उत्तर दिलं, "मी इचारलं आन् मंग पोळ्या केल्या. मीबी बोल्ली असती जोरानं तं." आणि तोंडावर पदर घेतला. तिलाही वाटतं की चूक तिची. ती चूक मी तिच्याकडून काढून घेऊ शकत नाही, तिने ती घट्ट धरली आहे.

वाहिदने विचारलं, डीप फ्रीजर फोडून टाकू का? म्हटलं, फ्रीजरचा काय दोष? तो बरोबर चालला.

मला मरावंसं वाटतं. पण इथे सिस्टर सकाळ-संध्याकाळ येऊन विचारतात, केसुलाचे वडील कोण, आणि उभं राहावं लागतं.

२१ ऑगस्ट

मशीन काढलं. डोळे उघडले. आईला ओळखलं, दादीला ओळखलं. माझ्याकडे बघितलं आणि परत मिटले. बोलत नाही. उजव्या हाताची बोटं दाबायला सांगितली तर दाबली, पण पकड नाही.

मॅडम म्हणाल्या, जीव वाचला. बाकी हळूहळू कळेल. हात सुधारेल, बोलणं सुधारेल, कदाचित सगळं, कदाचित थोडं राहील. अभ्यासाला वेळ लागेल. मी विचारलं, किती राहील? त्या म्हणाल्या, आज कोणीच सांगू शकत नाही. याडी मात्र बाहेर येऊन सगळ्यांना सांगत सुटली, पोरगी उठली, पोरगी उठली.

२४ ऑगस्ट

केसूला मोठ्या वॉर्डात आणलं आहे. शब्द येतात, पण एकेक येतो, मध्ये थांबून. डाव्या हाताने पेला धरते.

आज सकाळी सिस्टर यंत्र घेऊन आल्या. उज्ज्वला आणि याडी चहाला खाली गेल्या होत्या, मी एकटाच होतो. सिस्टरने बोट टोचलं. आकडा यायच्या आधीच केसूने माझ्याकडे पाहिलं. यंत्राकडे नाही, माझ्याकडे. तोंड उघडलं, पण शब्द सापडत नव्हते. मी थांबलो. मग म्हणाली, "बा. मी. काही नाई खाल्लं."

आकडा चांगला होता. सिस्टर हसून पुढच्या खाटेकडे गेल्या. मी खाली बसलो, तिच्या तोंडासमोर तोंड येईल असा.

"मले माहीत हाय," मी म्हणालो. "तू कवाच काही नाई खाल्लं. दादीनं बी नाई देल्लं. औषध मी बर्फात ठेवलं होतं. त्याचा गोटा झाला की थे मरते. मले माहीत नव्हतं. मी तुले रोज मेलेलं औषध टोचलं, म्हनून तू पडली. तुही चूक नाई. दादीची नाई. माही."

ती विचार करू लागली. आता तिला विचार करायला वेळ लागतो, कपाळाला आठ्या पडतात. मी वाट पाहिली. वाटलं, रडेल, किंवा तोंड फिरवेल. काहीही केलं असतं तरी चाललं असतं.

"मंग," ती म्हणाली, आणि थांबली, आणि परत म्हणाली, "मंग तुले कोनं मारलं?"

"कोनंच नाई," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ते पटलं नाही.